विंचवाचं बिऱ्हाड आणि नांगी : अमेरिकेतलं चाकांवरचं घर, त्यातलं पिस्तूल आणि 'प्रवासी' कोण?

आपल्याकडे म्हणतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. म्हण वापरताना आपल्या डोळ्यांपुढे बिऱ्हाडच असतं, नांगी नसते. पण विंचू दोन्ही बरोबर घेऊनच फिरतो. अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे ज्याला तिकडे सरसकट 'आरव्ही' म्हणतात, ते घेऊन महिनोन्‌महिने भटकणारी पुष्कळ मंडळी आहेत. त्यातल्या अनेकांच्या गाडीत परवान्याचं, कायदेशीर पिस्तूल असतं. आता तुम्हीच सांगा, ते पिस्तूल कुठे ठेवलेलं आहे? घरात की गाडीत?

प्रश्न शब्दांच्या खेळासारखा वाटेल. पण या एका उत्तरावर माणूस मोकळा राहणार की तुरुंगात जाणार हे ठरू शकतं, आणि तसं ठरलेलंही आहे. माझ्या प्रबंधाचा विषय अमेरिकी शस्त्रकायद्यातली 'प्रवासी' ही कल्पना आहे. घरचे विचारतात, "यात पीएचडी करण्यासारखं काय आहे?" तुमच्याही मनात तेच आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी आपल्याकडचं चित्र

भारतात शस्त्रांचा कायदा एकच, केंद्राचा. लिटनच्या काळात १८७८ चा कायदा आला. त्यात भारतीयांना परवान्याची सक्ती होती आणि युरोपियनांना सूट. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. आजही परवान्यावर तो कुठपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं : राज्यापुरता की देशभर. निवडणूक लागली की परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, हे तर आपण दर वेळी वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा आपल्या डोक्यात गणित सोपं असतं. एक सरकार, एक कागद, त्यावर एक हद्द.

अमेरिकेत हे गणितच चालत नाही. शस्त्र बाळगण्याचे मुख्य नियम राज्यागणिक वेगळे आहेत. व्हरमाँट राज्यात पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. त्याला लागूनच असलेल्या न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून नुसतं घरात पिस्तूल ठेवायचं तरी परवाना हवा, आणि दुसऱ्या राज्याचा परवाना न्यूयॉर्क ग्राह्य धरत नाही. रस्त्यावर मात्र दोन्हींच्या मध्ये फक्त एक पाटी असते. पाटी ओलांडली की कालचा सज्जन नागरिक आज गुन्हेगार ठरू शकतो. गाडी तीच, माणूस तोच, पिस्तूलही तेच.

या अडचणीवरचा तोडगा दोनशे वर्षांपूर्वीच शोधला गेला होता. त्याचं नाव 'प्रवासी'.

१८१३ : "प्रवासात असेल तर वगळून"

केंटकी राज्याने १८१३ मध्ये लपवून शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली. खिशातलं पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा, काठीत दडवलेली तलवार, असं सगळं त्यात होतं. दंड किमान शंभर डॉलर, म्हणजे त्या काळात भलताच मोठा. पण कायद्यात एक छोटी पळवाट ठेवली होती : माणूस प्रवासात असेल तर हा नियम लागू नाही. १८२० मध्ये इंडियाना राज्याने असाच कायदा केला आणि प्रवाशांना त्यातून वगळलं. केंटकीचा कायदा तिथल्याच न्यायालयाने १८२२ मध्ये रद्द ठरवला, पण प्रवाशाला वगळण्याची रीत दक्षिणेकडच्या आणि सीमाभागातल्या राज्यांत पसरत गेली.

यामागचा तर्क समजायला कठीण नाही. गावात तुम्हाला सगळे ओळखतात, शेजारी आहेत, शेरीफ आहे. तिथे खिशात पिस्तूल कशाला? पण जंगलातून, निर्मनुष्य वाटेने चार दिवस घोड्यावर जाणाऱ्याला कोण वाचवणार? म्हणून गावात बंदी आणि वाटेवर सूट.

पण सूट दिली की लगेच पुढचा प्रश्न येतो. वाट कुठे सुरू होते आणि कुठे संपते? बाजाराला दहा मैल गेलेला शेतकरी प्रवासी का? गावात पोचल्यावर खानावळीत बसलेला माणूस प्रवासी का? अर्कान्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये याचं फार नेमकं उत्तर दिलं. सूट आहे ती वाटेवर आणि गावातून पार होताना स्वतःचं रक्षण करता यावं म्हणून. गावातल्या रस्त्यांवर लोकांत मिसळून हिंडायचं, आणि राग आला तर हाताशी पिस्तूल आहे, अशी मुभा त्यात नाही. म्हणजे न्यायालयाने माणसाकडे नाही, त्याच्या थांब्याकडे बघितलं. हा 'थांबा' लक्षात ठेवा. पुढचे दीडशे वर्षांचे खटले त्याच्याभोवतीच फिरतात.

टेक्सासचं उदाहरण माझ्या कामात सगळ्यात महत्त्वाचं आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८७१ मध्ये, टेक्सासने कडक कायदा केला. आज ज्या राज्याकडे लोक बंदुकांचं राज्य म्हणून बघतात, तिथे तेव्हा पिस्तूल बाळगण्यावर जवळपास सरसकट बंदी आली. वगळलं कोणाला? स्वतःच्या जागेत किंवा व्यवसायाच्या ठिकाणी असलेल्याला, आणि राज्यातून प्रवास करताना सामानाबरोबर शस्त्र नेणाऱ्याला. या दोन सवलती शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिली घराची, दुसरी वाटेची. १८७१ मध्ये कोणाला वाटलं असणार की एक दिवस घरच वाटेवर धावायला लागेल?

घराला चाकं फुटतात

१९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडॉ' ही गाडी मांडली. मोटरहोमच्या इतिहासात तिला बहुतेक वेळा पहिला मान देतात. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही गाडीत राहून फिरणाऱ्यांची संघटना उभी राहिली. १९६६ पासून आयोवातल्या विनेबेगो कंपनीने मोटरहोम बनवायला घेतली आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

याच काळात न्यायालयं गाडीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली होती. दारूबंदीच्या दिवसांत, १९२१ मध्ये, मिशिगनमध्ये एक गाडी अडवून तिच्या सीटच्या आत लपवलेल्या दारूच्या ६८ बाटल्या काढल्या गेल्या. हा कॅरल खटला १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाचं म्हणणं असं की घराची झडती घ्यायला वॉरंट लागतं, कारण घर कुठे जात नाही. गाडी मात्र वॉरंट आणेपर्यंत निघून जाते. तेव्हा सबळ कारण असेल तर गाडीला वॉरंटची गरज नाही.

आता हे सगळे नियम सगळ्यांना सारखे लागत होते का? अजिबात नाही. १९४१ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल ठेवलेल्या माणसाचा खटला आला. त्यात एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र मतात उघडच लिहून टाकलं की परवान्याचा हा कायदा मुळात कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी आणला होता आणि गोऱ्यांना लावायचा तो कधी हेतूच नव्हता. हे कोणा कार्यकर्त्याचं भाषण नाही, न्यायमूर्तींनी निकालपत्रात लिहिलेलं आहे. म्हणजे 'प्रवासी' या शब्दात कोण बसतं, हे बऱ्याचदा गाडी अडवणारा पोलीसच ठरवत होता. कृष्णवर्णीय प्रवाशांना सुरक्षित हॉटेलं नि पेट्रोल पंप सांगणारं 'ग्रीन बुक' १९३६ मध्ये निघालं, ते याच रस्त्यांसाठी.

१९८६ : सुरक्षित वाट, पण मोटरहोमच्या मापाची नाही

केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये संघराज्याचा मोठा शस्त्र कायदा आला. पुढे बंदूकधारकांच्या संघटनांनी तक्रारी लावून धरल्या आणि १९८६ च्या मे महिन्यात अध्यक्ष रेगन यांनी दुरुस्ती कायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम प्रवाशांसाठी होतं. सोप्या मराठीत ते असं सांगता येईल :

जिथून निघालात तिथे शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल आणि जिथे जाताय तिथेही कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांचे कायदे काहीही असोत, तुम्ही शस्त्र नेऊ शकता. अट अशी की ते रिकामं हवं, आणि शस्त्र किंवा काडतुसं बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. म्हणजे डिकीत ठेवा. गाडीला वेगळी डिकी नसेल, तर कुलूपबंद पेटीत ठेवा, आणि डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन सीटमधला खण ही पेटी म्हणून चालणार नाही.

आता हे कलम डोळ्यांपुढे ठेवून मोटरहोममध्ये बसा. चालकाच्या मागे चार पावलांवर गॅस, सिंक, पलंग. वेगळी डिकी कुठली? तेव्हा कुलूपबंद पेटी आलीच. ठीक आहे, पेटी घेतली. टेक्सासहून व्हरमाँटला निघालात. मधे न्यूयॉर्क राज्यात रात्र झाली आणि एका कॅम्पग्राउंडवर गाडी लावलीत. वीज जोडली, पाणी जोडलं, जेवलात, झोपलात. या क्षणी तुम्ही शस्त्र 'नेत' आहात की शस्त्रासह 'राहत' आहात? कलमात निघण्याचं ठिकाण आहे, पोचण्याचं ठिकाण आहे. मुक्कामाबद्दल त्यात एक शब्द नाही.

हा प्रश्न किती महागात पडतो ते २००५ मध्ये दिसलं. मोटरहोमचं नाही, विमानाचं प्रकरण होतं, पण कलम हेच. युटाहचा एक प्रवासी रीतसर जाहीर करून, कुलूपबंद पेटीत शस्त्र घेऊन पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यूअर्कला पुढचं विमान चुकलं. बॅग त्याच्या हातात आली आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने पुन्हा शस्त्र जाहीर केलं आणि त्याला न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईसाठी लावलेला दावा मात्र २०१० मध्ये अपील न्यायालयातही टिकला नाही. रात्रभर बॅग खोलीत होती, म्हणजे शस्त्र त्याच्या हाताशी होतं, म्हणून कलमाचं संरक्षण नाही. अडकलेल्या प्रवाशाची पंचाईत होते हे न्यायालयाने मान्य केलं, पण मार्ग काय सुचवला? बॅग हातात घेण्याआधीच तिथल्या पोलिसांना किंवा विमानतळाच्या कर्मचाऱ्यांना गाठा.

अर्कान्सासचा १८७९ चा निकाल आठवला? पुन्हा तोच थांबा.

१९८५ : सॅन डिएगोच्या पार्किंगमधली गाडी

मोटरहोम घर की गाडी, हा प्रश्न सरळ सर्वोच्च न्यायालयात गेला तो मात्र पिस्तुलामुळे नाही, गांजामुळे. १९७९ मध्ये सॅन डिएगो शहरात भर वस्तीतल्या पार्किंगमध्ये एक डॉज मिनी मोटरहोम उभं होतं. त्यावर पाळत ठेवणाऱ्या अंमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांपैकी एकाने वॉरंटशिवाय आत पाऊल टाकलं आणि त्याला टेबलावर गांजा दिसला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने झडती चुकीची ठरवली. पण १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय फिरवला. मुख्य न्यायाधीश बर्गर यांनी दोन कारणं दिली. एक, गाडी किल्ली फिरवली की जाऊ शकते. दोन, रस्त्यावरच्या वाहनावर सरकारचे इतके नियम असतात की त्यात घराइतक्या खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत लिहिलं. त्यांचा रोख असा : आत टेबल-खुर्च्या, कपाटं, झोपायची सोय, फ्रिज, खिडक्यांना पडदे. याला घर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आणि खरंच, १९६४ मध्ये याच न्यायालयाने हॉटेलच्या खोलीला घरासारखं संरक्षण दिलेलं होतं. म्हणजे एका रात्रीपुरती भाड्याची खोली घरासारखी, आणि वर्षभर राहायचं स्वतःचं मोटरहोम गाडीसारखं!

पण कार्नी खटल्याच्या तळटिपेत एक दार किलकिलं ठेवलेलं आहे. गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली असेल, वीज-पाण्याला जोडली असेल, रस्त्यावर सहज येण्यासारखी नसेल, तर काय, हे आम्ही आज ठरवत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कॅम्पग्राउंडवरचं मोटरहोम नेमकं या फटीत उभं असतं.

टेक्सासची पूर्ण फेरी

आता १८७१ च्या टेक्सासकडे परत येऊ. 'प्रवासी' म्हणजे कोण, हे तिथल्या विधिमंडळाने कधी नीट सांगितलंच नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ न्यायालयं अंतर किती, वेळ किती, साधन कोणतं हे बघून एकेक खटला निकाली काढत राहिली. २००५ मध्ये कायदा झाला की खासगी गाडीत असलेला, दुसरा कोणताही गुन्हा करत नसलेला, पिस्तूल उघड्यावर न ठेवलेला माणूस प्रवासीच समजावा. २००७ मध्ये प्रवासाची अटच काढली आणि स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवायला मोकळीक दिली. आणि आजच्या टेक्सास दंडसंहितेत 'स्वतःची जागा' या शब्दांची व्याख्या बघा : त्यात जमीनजुमला आहे, आणि राहण्यासाठी वापरात असलेलं आरव्हीही आहे. तो वापर कायमचा असो की तात्पुरता. मोटरहोम, ओढायचा ट्रेलर, इतकंच काय, झोपायची सोय असलेला घोड्यांचा ट्रेलरसुद्धा!

म्हणजे १८७१ च्या दोन शेजारच्या सवलती, घराची आणि वाटेची, शेवटी एकाच वाहनात जाऊन बसल्या. पण फक्त टेक्सासमध्ये. तेच वाहन न्यू जर्सीत शिरलं की हे उत्तर मागे राहतं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक कृष्णवर्णीय आई, दोन मुलांना एकटीने वाढवणारी, न्यू जर्सीत गाडी चालवताना अडवली गेली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. तिने स्वतःहून पोलिसाला पिस्तुलाबद्दल सांगितलं. तिच्यापुढे किमान साडेतीन वर्षांची सक्तीची शिक्षा उभी राहिली. २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. माफी मिळाली, म्हणजे गव्हर्नरची मर्जी झाली. कायद्याने तिला सोडवलं नव्हतं.

राष्ट्रीय उद्यानांचंही बघून घ्या, कारण आरव्हीवाले जातात तिथेच. जुन्या नियमात तात्पुरता मुक्काम आणि वाहन एकाच वाक्यात होते. दोन्हीकडे शस्त्र चटकन वापरता येणार नाही असं बांधून ठेवायचं. २०१० च्या फेब्रुवारीपासून मात्र उद्यान ज्या राज्यात, त्या राज्याचा नियम. यलोस्टोन तीन राज्यांत पसरलंय : वायोमिंग, माँटाना, आयडाहो. आणि उद्यानातल्या सरकारी इमारतींमध्ये शस्त्र न्यायला अजूनही बंदीच आहे.

आपल्यापैकी जे तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. एफ-१, एच-१बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना १९९८ पासून संघराज्याच्या कायद्याने शस्त्र बाळगायला मुळातच मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. तेव्हा मित्रांनी मिळून आरव्ही भाड्याने घेतली आणि त्यातल्या एकाचं पिस्तूल आत आहे, तर 'ते त्याचं आहे' एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

मग यात इतिहासकाराचं काय काम?

२००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो हक्क घराबाहेर नेला आणि वर एक कसोटी लावली : आजचा शस्त्र कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का ते दाखवा. तेव्हापासून वकील जुने कायदे शोधत अभिलेखागारात यायला लागलेत. १८१३ चं केंटकी आणि १८७१ चं टेक्सास आता जिवंत खटल्यांत पुरावा म्हणून उभं राहतं.

आणि इथेच खरी अडचण आहे. प्रवाशाच्या सवलतीचा पुरावा दोन्ही बाजूंना वापरता येतो. एक बाजू म्हणते, बघा, प्रवाशाला शस्त्र नेऊ देणं ही जुनी परंपरा आहे. दुसरी म्हणते, अहो, प्रवाशाला वगळावं लागलं, याचाच अर्थ बाकीच्यांना बंदी होती. दोन्ही वाक्यं कागदावर खरी आहेत. मला वाटतं, दोघेही एक गोष्ट नजरेआड करतात. जुन्या कायद्यात माणूस प्रवासी आहे की नाही हे त्याच्या जन्मजात हक्कावर ठरत नव्हतं. तो या घटकेला अनोळखी वाटेवर आहे की लोकांत मिसळला आहे, यावर ठरत होतं. सूट माणसाला नव्हती, परिस्थितीला होती. आणि ती परिस्थिती ओळखायचं काम ज्याच्या हातात होतं, तो शेरीफ किंवा पोलीस सगळ्यांना एकाच नजरेने बघत नव्हता. १९४१ चं ते मत वगळून परंपरा सांगणं म्हणजे अर्धी परंपरा सांगणं.

मोटरहोममुळे या जुन्या विभागणीची पंचाईत झाली, कारण त्यात बसलेला माणूस वाटेवरही असतो आणि घरीही. दुपारी महामार्गावर तो प्रवासी, रात्री वीज जोडली की रहिवासी, सकाळी पुन्हा प्रवासी. १९८६ च्या कलमात मुक्कामाबद्दल दोन ओळी घातल्या असत्या, तरी बरेच लोक कोठडीबाहेर राहिले असते. त्या ओळी घालणं संसदेचं काम आहे. त्या कोणत्या अनुभवातून यायला हव्यात, हे दाखवणं आमचं.

पुढच्या लेखात याच्याही मागे जाऊ, इंग्लंडच्या १३२८ च्या नॉर्दॅम्प्टन कायद्यापर्यंत. सातशे वर्षांपूर्वीचा तो कायदा ब्रुएन निकालात इतक्यांदा का येतो, ते बघू. तोवर काही शंका असतील तर जरूर लिहा.